औषध आहे, पण कुणासाठी? एमडीआर टीबीचा इतिहास

‘गोळ्या मध्येच सोडल्या, म्हणून टीबी बिघडला.’ आपल्या वस्त्यांत एमडीआर टीबीच्या रुग्णाला हेच ऐकवलं जातं. सगळा दोष त्याचाच. इतिहास काय सांगतो?

1948 साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्ण इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. तरी अनेकांच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, कारण औषध एकच दिलं होतं. दोष रुग्णांचा नव्हता, उपचार अपुरा होता.

1956 मध्ये मद्रासला दुसरा प्रयोग सुरू झाला. निम्मे गरीब रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्याच दाटीवाटीच्या घरात. औषध दोघांना मोफत आणि नियमित. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले. म्हणजे औषध पोहोचलं की गरीब बरा होतो. मग 2024 मध्ये सरकारी केंद्रांवरच टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा उपचार कुणी सोडले? रुग्णाने की शासनाने?

बेडाक्विलिनची कथा याहून बोलकी आहे. या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते 2016 पासून, तेही सुरुवातीला मोजक्याच केंद्रांवर मिळू लागलं. जुन्या इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. त्यांपैकीच मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त जेनेरिकची वाट मोकळी झाली.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्येच अस्पृश्यांना खुलं केलं होतं. पण ओंजळीत पाणी आलं ते 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा. ठराव आणि ओंजळ यांतलं अंतर चळवळीने तोडलं. काळाराम मंदिराच्या दारात 1930 साली उभ्या राहिलेल्या नाशिकला हे वेगळं सांगायला नको.

संविधानाचं कलम 47 पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं कर्तव्य मानतं. तेव्हा कार्यकर्त्यांनो, प्रत्येक तालुक्यात विचारा: रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच होते का? गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे? पोषणाचे पैसे खात्यात जमा झाले का? उत्तर लेखी मागा.

रुग्णाला उपदेश पुरे झाले. आता शासनाकडून हिशेब घेऊ.

जय भीम!