पुण्याजवळची दोन नावं आणि कावेरीचा एक मासा

संशोधनाचा पहिला आराखडा मी विभागासमोर मांडला तेव्हा त्यात 'महसीर' हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. महसीरचं प्रजनन, महसीरचं संवर्धन, महसीरची व्यापारी शेती. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठला महसीर?" मी म्हटलं, "आपला. दख्खनचा." त्या म्हणाल्या, "आपला म्हणजे कुठल्या नदीतला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखडा परत आला.

तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या प्रश्नाचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो तुम्हाला सांगावासा वाटतो. तुम्ही मत्स्यशास्त्रात काम करणार असाल किंवा नसाल, संशोधनाच्या तयारीत असाल तर तो उपयोगी पडेल. मासे वाचवायला निघालेल्या माणसांकडून एक मासा कसा हरवत गेला, याची ही गोष्ट आहे. आणि तिची सुरुवात पुणे जिल्ह्यात होते.

मुळा-मुठेतला खुद्री, घोडनदीतला मुसल्लाह

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. पिकं, लोकसंख्या, पक्षी, प्राणी, जे दिसेल ते हा माणूस टिपत गेला. मासेही टिपले. १८३१ मध्ये तो इथून गेला आणि १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसमोर त्यानं दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला.

या निबंधाची एक गंमत बघा. साइक्सनं बऱ्याच माशांना लॅटिन नावं शोधत न बसता इथले लोक जे म्हणत होते तेच नाव शास्त्रीय नावात घातलं. कोलुस, फुलुंगी, शिंगटी ही नावं आजही जगभरच्या सूचींमध्ये आहेत. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यानं 'बार्बस खुद्री' म्हटलं. शिरूरजवळच्या घोडनदीतल्या दुसऱ्या एका मोठ्या माशाला 'बार्बस मुसल्लाह' म्हटलं. दोन्ही नद्या भीमेच्या खोऱ्यातल्या. वर्णनं मात्र त्रोटक. अमुक इतके खवले, परांमध्ये अमुक इतके काटे, अशी.

पुढे यातली एक गोष्ट कावेरीत नाव म्हणून गेली आणि दुसरी जिवंत मासा म्हणून. ही दोन सूत्रं लक्षात ठेवा.

नावाचा प्रवास

कावेरीत एक महसीर आहे. त्याच्या डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो आणि परांवर केशरी-सोनेरी झाक असते. गळाला लागणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांत जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी हा एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर पकडला होता. तो विक्रम अजून सांगितला जातो.

एवढ्या प्रसिद्ध माशाला शास्त्रीय नाव कोणतं? १९४०च्या दशकात सुंदरलाल होरा या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञांनी दख्खनच्या महसीरांवर लिहिताना या वशिंडवाल्याला साइक्सचा 'मुसल्लाह' मानलं. होरांचा दबदबा असा की पुढची कित्येक दशकं पुस्तकांत, अहवालांत, नोंदवह्यांत 'टोर मुसल्लाह' हेच नाव चालत राहिलं. शिरूरच्या माशाचं नाव कावेरीच्या माशाला चिकटलं. घोडनदीचा मुसल्लाह मुळात महसीरच नाही, तो 'हिप्सेलोबार्बस' या दुसऱ्या कुळीतला मासा आहे, हे मान्य व्हायला २०१० नंतरचं दशक उजाडलं. आणि ते मान्य झाल्यावर कावेरीचा वशिंडवाला बिननावाचा झाला.

लोणावळ्याची अंडी

आता दुसरं सूत्र. खुद्री म्हणजे आपला दख्खनचा महसीर. पावसाळ्यात नदी फुगली की हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात खडी-वाळूवर अंडी घालतो. नदीवर धरण झालं की ही वाट अडते. त्यात उन्हाळ्यात डोहात जिलेटिनचे बार, विणीच्या हंगामात जाळी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसीर कमी होतोय हे दिसू लागलं होतं.

त्याच काळात कार्प माशांच्या बाबतीत मोठी गोष्ट घडली होती. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प तळ्यात विणवून दाखवले. तोवर रोहू-कटल्याचं बी नदीतून गोळा करावं लागे. आता ते हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं. मग महसीर का नाही, हा प्रश्न साहजिकच होता.

त्याचं उत्तर लोणावळ्यात मिळालं. टाटांच्या वीजकंपन्यांची वळवण वगैरे धरणं तिथं आधीपासून होती. त्या तलावांत खुद्री टिकून होता. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथल्या महसीरची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांवर १९७० च्या सुमारास सविस्तर निबंध लिहिला. पुढे एस. एन. ओगले यांच्यासोबत त्यांनी कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात कृत्रिम प्रजनन बसवलं. जुलै-ऑगस्टच्या पावसात रात्री तलावात जाळी लावायची, पिकलेले नर-मादी मिळाले की पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य घालून हलवायचं आणि ती वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायची. १९८०च्या दशकात तळ्यात वाढवलेल्या माद्यांना इंजेक्शन देऊन विणवण्यापर्यंत काम पोचलं. खुद्री आणि उत्तरेकडचा 'टोर टोर' यांचा संकरही त्यांनी करून पाहिला.

मला सगळ्यात आवडलेला भाग अंड्यांच्या वाहतुकीचा आहे. कार्पचं अंडं १४ ते १८ तासांत फुटतं. महसीरचं अंडं मोठं, भरपूर बलकाचं. ते फुटायला साधारण ६० ते ८० तास लागतात. कुलकर्णी-ओगले यांनी ओळखलं की या अडीच-तीन दिवसांत अंडी पाण्याशिवाय, फक्त ओल्या कापसात ठेवून विमानानं पाठवता येतील. पिल्लं पाठवायची तर पाणी, प्राणवायू, वजन, मरतूक. इथे डबा आणि ओला कापूस! १९७९ मध्ये त्यांनी हे छापलं. जीवशास्त्राचं साधं निरीक्षण आणि त्यातून निघालेली स्वस्त युक्ती असं काम हाती लागलं की वाचताना मन भरून येतं.

लोणावळ्यातून पुढे लाखो बोटुकल्या निघाल्या. त्या महाराष्ट्रातल्या तलावांत गेल्या, इतर राज्यांत गेल्या. कर्नाटकातून कावेरीतही गेल्या.

आकडा वाढला, मासा हरवला

कावेरीच्या काठी गालिबोरेसारख्या ठिकाणी गळानं मासेमारी करणाऱ्या शौकिनांचे तळ होते. नियम असा की पकडलेला मासा वजन करून परत सोडायचा. पाहुण्यांच्या पैशातून गावातल्या लोकांना काम मिळायचं. पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण तिथं राखणदार झाले. आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत व्हायची.

कुणी संशोधन म्हणून या वह्या लिहिल्या नव्हत्या. पण एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. गळ टाकून घालवलेले २३ हजारांहून जास्त तास आणि पकडून सोडलेले ६ हजारांहून जास्त महसीर. एकूण संख्या पाहिली तर बातमी चांगली होती. तासामागे मिळणारे मासे वाढले होते. संरक्षणाचा फायदा होतोय, असं कुणीही म्हणालं असतं.

पण त्यांनी मासे दोन गटांत वेगळे केले. सोनेरी परांचा वशिंडवाला आणि निळ्या परांचा महसीर. मग चित्र उलटं झालं. वाढ सगळी निळ्या परांच्या माशांची होती, तीही लहान लहान माशांची. वशिंडवाल्याचा वाटा घसरत चालला होता. जे थोडे सापडत होते ते वर्षागणिक मोठे होत होते. वरवर ऐकायला हे बरं वाटतं. पण याचा अर्थ म्हातारे उरलेत आणि खालून पिल्लं येत नाहीत. एखाद्या वाडीत फक्त आजी-आजोबा दिसावेत, तसं.

आणि तो निळ्या परांचा मासा कोण? खुद्री. मुळा-मुठेतून नाव मिळालेला, लोणावळ्यात विणवलेला, कावेरीत बाहेरून सोडलेला.

इथे घाई करू नका. वशिंडवाल्याच्या ऱ्हासाचा सगळा दोष खुद्रीवर टाकणं सोपं आहे, पण कावेरीवर कृष्णराजसागर आहे, मेट्टूर आहे. वाळूउपसा आहे, स्फोटकांची मासेमारी आहे, सांडपाणी आहे. खुद्री आला आणि वशिंडवाला घटला, या दोन गोष्टी एकाच काळात दिसतात. अन्न आणि जागेसाठी स्पर्धा किती, संकर किती, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. सोडलेले मासे नदीच्या मूळ रहिवाशाला धोका आहेत, एवढं मात्र नोंदींनी पुढे आणलं.

नाव नाही, तर यादीत जागा नाही

आता दोन्ही सूत्रं एकत्र येतात. धोक्यातल्या जातींची जागतिक लाल यादी आययूसीएन ही संस्था करते. यादीत यायला जातीचं वैध नाव लागतं. वशिंडवाल्याकडे तेच नव्हतं. जगभर ओळखला जाणारा मासा डोळ्यांदेखत संपत होता आणि कागदावर तो नव्हताच. त्याच काळात खुद्रीची नोंद मात्र 'धोक्यात' अशी होती. म्हणून त्याची बोटुकली सोडणं हे संवर्धनाचं पुण्यकर्म मानलं जात होतं.

कोडं २०१८ मध्ये सुटलं. मोयार नदीतल्या वशिंडवाल्या माशांची शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर ते 'टोर रेमादेवी'शी जुळले. ही जात काही वर्षं आधीच केरळातल्या पांबार नदीतून, कावेरीच्याच खोऱ्यातून, वर्णिली गेली होती. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांचं नाव तिला दिलेलं. वर्णन लहान माशांवरून होतं, त्यामुळे हाच तो कावेरीचा राक्षसी महसीर, हे कुणाला उमगलं नव्हतं. नाव मिळालं आणि त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद 'अतिशय गंभीर धोक्यात' अशी झाली. नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची ही पायरी. आणि खुद्री? नव्या मूल्यमापनात तो 'कमी चिंतेचा' ठरला.

तुमच्या आराखड्यासाठी

कुलकर्णी-ओगले चुकले का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. त्यांचा प्रश्न होता, महसीर माणसाच्या हाताखाली विणवता येईल का? त्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं आणि आज महसीर प्रजननावर काम करणारा प्रत्येक जण त्याच पायावर उभा आहे. विणवलेला मासा कुठल्या नदीत सोडायचा आणि कुठल्या नदीत सोडायचा नाही, हा वेगळा प्रश्न होता. तो त्या काळी फारसा कुणी विचारलाच नाही. महसीर म्हणजे महसीर, एवढंच पुरेसं वाटत होतं. माझ्या पहिल्या आराखड्यात मीही तेच केलं होतं, तेही हा सगळा इतिहास छापलेला असताना.

म्हणून लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. तुमच्या विषयातलं मुख्य नाव, मग ते माशाचं असो, पिकाचं असो की समाजगटाचं, कुणी, कुठे आणि कशावरून दिलं? तुमचा एकूण आकडा गटवार फोडला तर तेच सांगतो का? आणि तुमच्या गावात, तलावाच्या सोसायटीत, मंडईत कुणी वर्षानुवर्षं वही लिहीत बसलंय का? ती बघायला जा.

मी आराखडा बदलला. आता त्यात प्रत्येक ठिकाणी जातीचं नाव आहे आणि शेजारी नदीचं. मत्स्यबीज केंद्रात कुठल्या खोऱ्यातले नर-मादी आहेत आणि त्यांची पिल्लं कुठे जातात, हा माझ्या कामाचा पहिला भाग झालाय. दुसऱ्या वेळी त्याच बाईंनी पान उलटलं, थोडं वाचलं आणि विचारलं, "या नद्यांवर तुम्ही स्वतः गेलात का?"

पुढच्या आठवड्यात घोडनदीवर निघालोय.