स्कली, विन

(२९ नोव्हेंबर १९२७ – २ ऑगस्ट २०२२). अमेरिकन बेसबॉल समालोचक. पूर्ण नाव व्हिन्सेंट एडवर्ड स्कली. डॉजर्स संघाच्या सामन्यांचे, आधी ब्रुकलिनमध्ये व पुढे लॉस एंजेलिसमध्ये, त्यांनी १९५० ते २०१६ असे सलग ६७ हंगाम समालोचन केले. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत एकाच संघाशी इतका काळ दुसरा कोणीही समालोचक जोडलेला राहिला नाही.

जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील आयरिश कॅथलिक कुटुंबात. वडील लवकर वारले. घरात चार पायांचा मोठा रेडिओ होता. लहानगा विन उशी घेऊन त्याच्याखाली शिरायचा, जवळ दूध आणि खारी बिस्किटे ठेवायचा आणि अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातला प्रेक्षकांचा गलका वरून अंगावर झेलत पडून राहायचा. आपण समालोचक झालो ते या गलक्यापायी, असे ते पुढे आवर्जून सांगत.

फोर्डम विद्यापीठात ते बेसबॉल खेळले आणि तिथल्याच रेडिओवर बोलायला शिकले. नोव्हेंबर १९४९मध्ये नामांकित समालोचक रेड बार्बर यांनी त्यांना बॉस्टनला एका फुटबॉल सामन्यासाठी पाठवले. बसायला बंदिस्त खोली असेल, या समजुतीने स्कली कोट आणि हातमोजे हॉटेलातच ठेवून गेले. प्रत्यक्षात मैदानाच्या छपरावर, कडाक्याच्या थंडीत उभे राहून बोलावे लागले. त्यांनी कुठेही तक्रार केली नाही. खरा प्रकार बार्बर यांना नंतर समजला. पुढच्याच वर्षी स्कली बार्बर यांच्याबरोबर डॉजर्सच्या चमूत आले आणि १९५३मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, वर्ल्ड सिरीजचे (बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेचे) सर्वांत तरुण समालोचक ठरले.

१९५८मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथले कोलिझियम मैदान एवढे अवाढव्य, की मागे बसलेल्यांना खेळाडू ठिपक्याएवढे दिसत. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. समोर चाललेला खेळ त्यांना स्कलींच्या तोंडून कळे. १९६०मध्ये त्यांनी रेडिओवरून श्रोत्यांना पंच फ्रँक सेकोरी यांच्या वाढदिवसाची आठवण करून दिली. मैदानात बसलेल्या हजारो लोकांनी एका सुरात शुभेच्छांचा पुकारा केला.

ते बहुधा एकटेच बोलत. जोडीला तज्ज्ञ नसल्याने त्यांचे बोलणे थेट श्रोत्याशी चाले. ९ सप्टेंबर १९६५ रोजी डॉजर्सचे गोलंदाज सँडी कूफॅक्स यांनी २७च्या २७ फलंदाज एकालाही पहिला तळ गाठू न देता बाद केले. शेवटच्या डावात स्कली घड्याळातली वेळ सांगत राहिले, कारण त्या डावाचे ध्वनिमुद्रण कूफॅक्स यांना आठवण म्हणून द्यायचे होते. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटे झाली होती.

त्यांचे खरे मोठेपण गप्प राहण्यात होते. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात, डॉजर्सविरुद्धच, हँक ॲरन यांनी ७१५वा होम रन मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला. त्याआधी ॲरन यांना वर्णद्वेषी धमक्यांची पत्रे येत होती. चेंडू कुंपणापार जाताच स्कली मायक्रोफोनपासून दूर झाले, पाणी प्यायले आणि मैदानाला बोलू दिले. मग मोजक्या शब्दांत त्यांनी श्रोत्यांना जाणवून दिले, की दक्षिणेत, एका दैवताचा विक्रम मोडणाऱ्या कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत. या एका रात्रीसाठीही त्यांची नोंद व्हायला हवी. १९८८मध्ये दोन्ही पायांनी जायबंदी असलेल्या डॉजर्सच्या कर्क गिब्सन यांनी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होम रनने जिंकून दिला, तेव्हाही ते मिनिटभराहून अधिक काळ गप्प राहिले.

त्यांना १९८२मध्ये बेसबॉल समालोचकांना दिला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार व २०१६मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक लाभले. डॉजर स्टेडियमकडे जाणाऱ्या एका रस्त्याला त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले.

शेवटचे समालोचन त्यांनी २ ऑक्टोबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सविरुद्धच्या सामन्यात केले. बरोबर ८० वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९३६ रोजी, एका लाँड्रीबाहेर लिहिलेला धावफलक लहानग्या विनने पाहिला होता: यँकीज १८, जायंट्स ४. हरणाऱ्यांची त्याला दया आली आणि तिथेच त्याला बेसबॉलचा लळा लागला.