जिवाणूंनी वाढवलेले बर्ड फ्लूचे जनुक

बर्ड फ्लूवरची लस करताना खुद्द त्याचा विषाणूच आडवा येतो, हे १९९७ साली हाँगकाँगमध्ये कळून चुकले. त्या वर्षी मे महिन्यात तेथे तीन वर्षांचा एक मुलगा फ्लूने दगावला. त्याच्या शरीरात सापडलेला विषाणू एच५एन१ प्रकारचा होता, म्हणजे तोवर केवळ पक्ष्यांचा मानला गेलेला. पुढे एकूण १८ जणांना लागण झाली आणि त्यांतले ६ जण मरण पावले. डिसेंबरअखेर सरकारने फार्मवरच्या आणि बाजारातल्या लाखो कोंबड्या मारून टाकल्या, तेव्हा ती साथ थांबली.

लस मात्र हाती आली नाही. फ्लूची लस १९४० च्या दशकापासून कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवली जात आली आहे. नवा विषाणू आणि ‘पीआर८’ हा प्यूर्टो रिकोतला १९३४ सालचा, अंड्यात भरघोस वाढणारा विषाणू, असे दोन्ही एकाच अंड्यात सोडायचे, त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊ द्यायची आणि हवे ते वाण निवडून काढायचे, ही रूढ रीत. एच५एन१ तर अंड्यातल्या गर्भाचाच जीव घेत होता. शिवाय त्याला हाताळायला कडेकोट सुरक्षेची प्रयोगशाळा लागे. पर्याय म्हणून सिंगापूरमधल्या बदकाच्या सौम्य एच५एन३ विषाणूपासून लस करून पाहिली, पण साध्या स्वरूपात तिने निर्माण केलेली प्रतिकारशक्ती तोकडी ठरली.

विषाणूच्या घातकपणाचे मूळ कोठे आहे, हे तोवर माहीत झाले होते. विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन एका ठराविक जागी चिरले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य वाणांत या जागी बहुधा एकच आर्जिनीन असते. ते चिरणारी एन्झाइमे श्वसनमार्गात आणि आतड्यातच असल्याने संसर्ग तेथेच अडून राहतो. हाँगकाँगच्या विषाणूत मात्र त्या जागी आर्जिनीन आणि लायसीन या अमिनो आम्लांची रांग लागलेली होती. अशी रांग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतले फ्यूरिन एन्झाइम चिरू शकते, म्हणून तो विषाणू कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. एवढी रांग काढून टाकली की विषाणू सौम्य होतो. प्रथिनाच्या ज्या भागाला प्रतिपिंडे चिकटतात, तो जवळजवळ तसाच राहतो. लसीच्या दृष्टीने याहून सोयीची गोष्ट नव्हती.

अडचण एकच होती. फ्लूचे जनुक आरएनएचे असतात आणि कापण्या-जोडण्याची सगळी हत्यारे डीएनएसाठी घडलेली आहेत. येथे जिवाणू कामी आले. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली परके डीएनए प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यात जोडून ई. कोलाय जिवाणूत वाढवून दाखवले होते. फ्लूच्या बाबतीतही तेच करायचे. आरएनएची डीएनए प्रत काढायची, ती प्लाझ्मिडमध्ये बसवायची आणि प्लाझ्मिड जिवाणूत घालायचे. त्या प्लाझ्मिडमध्ये अँपिसिलिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारे जनुकही असते. अँपिसिलिन मिसळलेल्या अगरच्या बशीत हे जिवाणू पसरून ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवले, की प्लाझ्मिड न घेतलेले मरतात आणि सकाळी बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जिवाणूची लाखो पिल्ले, प्रत्येकात तेच जनुक. त्यातला एक उचलून वाढवायचा, प्लाझ्मिड काढून घ्यायचे, ती घातक रांग कापायची आणि जनुकाचा क्रम वाचून खात्री करायची. कोंबडीला आणि माणसाला मारणारे जनुक अशा रीतीने साध्या प्रयोगशाळेत, निर्धोकपणे दुरुस्त करता आले.

दुरुस्त केलेल्या जनुकांपासून पुन्हा जिवंत विषाणू उभा करणे सर्वांत अवघड होते. फ्लूच्या जनुकांचे आठ तुकडे असतात आणि ते सगळे एकाच पेशीत एकाच वेळी हजर हवेत. पीटर पॅलेसी यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने १९९० च्या सुमारास एकेक जनुक बदलण्यात यश मिळवले. १९९९ मध्ये विस्कॉन्सिनला योशिहिरो कावाओका आणि गॅब्रिएले न्यूमन यांनी, तसेच न्यूयॉर्क आणि ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी, केवळ प्लाझ्मिडांपासून अखंड विषाणू घडवला. त्यासाठी निदान १२ प्लाझ्मिडे लागत. पुढच्याच वर्षी मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात एरिक हॉफमन आणि रॉबर्ट वेबस्टर यांच्या गटाने हे काम आठ प्लाझ्मिडांवर आणले. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांकडे तोंड करून दोन प्रवर्तक (जनुकाचे वाचन सुरू करून देणारे डीएनएचे तुकडे) बसवले, त्यामुळे एकाच प्लाझ्मिडमधून विषाणूचे आरएनएही निघे आणि प्रथिनांसाठीचा संदेशही. दोन जनुके बर्ड फ्लूची, सहा पीआर८ची, हा नमुना तेव्हापासून रुळला.

२००३ मध्ये हाँगकाँगच्या एका कुटुंबात एच५एन१ पुन्हा दिसला, तेव्हा मेम्फिसच्या गटाने चार आठवड्यांत लसीचे वाण तयार केले. अमेरिकेने एप्रिल २००७ मध्ये मंजूर केलेली एच५एन१ लस व्हिएतनामच्या २००४ सालच्या विषाणूपासून याच मार्गाने झाली. तिचा डोस मात्र ९० मायक्रोग्रॅमचा आणि तोही दोनदा, नेहमीच्या लसीत एका वाणामागे १५ मायक्रोग्रॅम पुरतात. वाण लवकर मिळाले, पण पुरेशी लस लवकर मिळणे ही वेगळीच लढाई राहिली. भारतात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू प्रथम आढळला. तेव्हा कोंबड्यांना लस टोचण्याऐवजी त्या मारण्याचाच मार्ग पत्करला गेला आणि पोल्ट्रीवाल्यांचे जबर नुकसान झाले.

पुढची मजल मारली ती कृत्रिम जनुकांनी. मार्च २०१३ अखेर चीनने एच७एन९ या नव्या विषाणूचा जनुकक्रम जगासाठी खुला केला. विषाणूचा नमुना चीनबाहेर पोहोचण्याआधीच अमेरिकेत त्या अक्षरमालेवरून डीएनए रासायनिक पद्धतीने जुळवून लसीचे वाण तयार झाले. जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने आणि नोव्हार्टिस या औषध कंपनीने बसवलेल्या या पद्धतीत वेळ वाचवण्यासाठी बर्ड फ्लूची दोन जनुके जिवाणूत न वाढवता परीक्षानळीतच जोडली जात. उरलेली सहा मात्र जिवाणूंनी वाढवलेल्या प्लाझ्मिडांतूनच येत.

चीनने प्लाझ्मिडांचा मार्ग कोंबड्यांसाठीही वापरला. हार्बिनच्या पशुरोग संशोधन संस्थेने प्लाझ्मिडांपासून घडवलेल्या वाणांची एच५-एच७ जोडलस सप्टेंबर २०१७ पासून देशभरच्या कोंबड्यांना टोचली जाऊ लागली. त्याआधीच्या हंगामात तेथे ७५० हून अधिक माणसांना एच७एन९ची लागण झाली होती. पुढच्या हंगामात केवळ तीन रुग्ण नोंदले गेले.