मिलिगॅल

मिलिगॅल हे त्वरणाचे, विशेषतः गुरुत्व त्वरणातील सूक्ष्म फरक मोजण्याचे एकक आहे. गॅलिलिओच्या नावावरून आलेला गॅल म्हणजे १ सेंमी/से². त्याचा हजारावा भाग मिलिगॅल. म्हणून १ मी/से² = १०० गॅल = १,००,००० मिलिगॅल. वर्ग सेकंदाचा आहे, लांबीचा नव्हे. त्यामुळे मीटरचे सेंटिमीटर करताना १००ने गुणावे, १०,०००ने नव्हे. विद्यार्थी बहुधा येथेच चुकतात.

उंची वाढत जाते तसे गुरुत्व त्वरण दर मीटरला सुमारे ०.३०८६ मिलिगॅलने घटते. नाशिक जिल्ह्यातील घोटीजवळच्या कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथे ही घट सुमारे ५०८ मिलिगॅल, म्हणजे अवघी ०.००५०८ मी/से² येते. डोंगराच्या खडकाचे स्वतःचे आकर्षण असल्याने प्रत्यक्ष घट याहूनही कमी असते.