मेथाडोनची मात्रा

अफूच्या व्यसनावर अफूच्याच जातीचे औषध द्यावे की नाही, या वादाचा निकाल अमेरिकेत आधी न्यायालयाने लावला. व्यसन्याला मॉर्फिनची ठरावीक मात्रा लिहून देणारे डॉक्टर आणि शहरांनी चालवलेले दवाखाने तिथे होते. १९१४ मध्ये हॅरिसन कायदा आला. व्यसन चालू राहावे एवढ्यासाठी मॉर्फिन देणे हा उपचारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये ठरवले आणि काही वर्षांतच हे दवाखाने बंद पडले. १९३५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टनला तुरुंगवजा रुग्णालय निघाले. तिथून सुटलेले बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत.

मानसोपचारतज्ज्ञ मारी नायस्वांडर यांनी हे लेक्सिंग्टनमध्ये जवळून पाहिले होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी व्हिन्सेंट डोल यांच्याबरोबर प्रयोग सुरू केला. डोल हे मुळात चयापचयाचे अभ्यासक. आधी त्यांनी मॉर्फिन देऊन पाहिले, पण रुग्णांचा सारा दिवस पुढच्या सुईची वाट पाहण्यातच जाई. मग त्यांनी जर्मनीत वेदनाशामक म्हणून तयार झालेले मेथाडोन दिले. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो. मेथाडोन तोंडाने घेतले की दिवसभर पुरते. तलफ शमते, नशा मात्र चढत नाही. रुग्ण शिक्षणाच्या, नोकरीच्या गोष्टी बोलू लागले. २२ रुग्णांचा हा अनुभव १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक नशा सोडवून दुसरी लावली, ही टीकाही लगेच सुरू झाली.

खरा धोका वेगळाच होता. मेथाडोन शरीरात दिवसेंदिवस साचत जाते, त्यामुळे घाईने वाढवलेली मात्रा श्वास बंद पाडू शकते. म्हणून सुरुवात थोडक्याने करायची आणि रोजची मात्रा डोळ्यांदेखत प्यायला लावायची, ही शिस्त आली.

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात निघालेल्या ब्युप्रेनॉर्फिनने ही भीती बरीच कमी केली. त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. मात्र झोपेच्या गोळ्या किंवा दारूची जोड मिळाली तर तेही जिवावर बेतते. ते देण्याची वेळही सांभाळावी लागते. अंगात हेरॉइन असतानाच गोळी दिली, तर गर्दुल्ले जिला 'टर्की' म्हणतात ती अंगदुखी-उलट्यांची अवस्था झटक्यात येते.

फ्रान्समध्ये १९९६ पासून साधे फॅमिली डॉक्टरही ही गोळी लिहून देऊ लागले. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली.