लखनौचा वर्ख आणि चांदीचा अणू

मिठाईवर पसरलेल्या चांदीच्या पातळ पापुद्र्याला मराठीत वर्ख म्हणतात. हा शब्द अरबीतील ‘वरक’ या शब्दावरून फारसीमार्गे आला असून त्याचा मूळ अर्थ झाडाचे किंवा पुस्तकाचे पान असा आहे. उत्तर भारतातील ज्या शहरांनी ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांत लखनौचे नाव ठळक आहे. नवाब आसफुद्दौला याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलविली आणि दरबाराभोवती खानसामे, हलवाई, अत्तार आणि हकीम यांची वस्ती वाढत गेली. पानाची गिलौरी, मलईचे पदार्थ आणि हिवाळ्यातील दुधाच्या फेसाचा निमिश यांवर वर्ख चढू लागला. युनानी वैद्यकातील खमीऱ्यासारखी औषधेही चांदीच्या किंवा सोन्याच्या वर्खात गुंडाळून देण्याची रीत होती. चौक भागातील गल्ल्यांमध्ये वरकसाजांच्या, म्हणजे वर्ख कुटणाऱ्यांच्या, हातोड्यांचा ठेका या मागणीवर चालत असे.

पारंपरिक पद्धतीत शुद्ध चांदीची पट्टी ठोकून तिचे लहान तुकडे करीत, ते कमावलेल्या कातड्याच्या पानांमध्ये एकेक करून ठेवीत आणि ती चळत चामड्याच्या वेष्टनात घालून दगडावर तासन्‌तास कुटीत. मधली पाने अत्यावश्यक असत, कारण शुद्ध धातूचे दोन स्वच्छ पापुद्रे एकमेकांवर दाबले गेले तर ते एकजीव होतात आणि पुन्हा सुटत नाहीत. घाव मध्यापासून कडेकडे सरकवीत नेला नाही तर चांदी एका बाजूस जाड राहून दुसऱ्या बाजूस फाटते. हे ज्ञान लिहिलेले नव्हते, ते मनगटात होते. म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

या कामाचा हिशेब विद्यार्थ्याने एकदा मांडून पाहावा. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम आहे. वर्खाची जाडी पाव मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा चार हजारावा भाग, धरली तर एक ग्रॅम चांदीतून सुमारे ३,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ६२ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा पृष्ठभाग झाकला जातो. चांदीच्या अणूंचे थर एकमेकांपासून सुमारे ०.२४ नॅनोमीटर अंतरावर असतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे अशा वर्खात अणूंचे सुमारे एक हजार थर उरतात. हाताने उचलता न येणारा, श्वासाने उडणारा हा पापुद्रा अणूच्या दृष्टीने अजूनही हजार मजली आहे.

कुटल्यावर चांदी फुटत का नाही, याचे उत्तर तिच्या अणूंच्या रचनेत आहे. चांदीच्या अणूच्या केंद्रकात ४७ प्रोटॉन असतात आणि हीच संख्या तिचा अणुअंक ठरते. केंद्रकाभोवतीचे ४७ इलेक्ट्रॉन २, ८, १८, १८ आणि १ असे कवचांत विभागलेले असतात. सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधलेला राहत नाही, तो साऱ्या धातूत फिरतो, आणि या सामाईक इलेक्ट्रॉनांमुळे अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी त्यांना जोडणारा बंध तुटत नाही. मिठाच्या खड्यावर घाव बसला की सरकलेल्या थरांत सारखे प्रभार समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. चांदीत तसे घडत नाही. शिवाय तिचा प्रत्येक अणू बारा शेजाऱ्यांना चिकटून रचलेला असल्याने थर सहज सरकतात. या गुणाला वर्धनीयता म्हणतात.

आवर्तसारणीच्या अकराव्या गणात तांबे (२९), चांदी (४७) आणि सोने (७९) एकाखाली एक येतात. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, तिघांची अणुरचना एकाच पद्धतीची आहे आणि तिघेही कुटून पातळ करता येतात. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आपली सारणी मांडली त्याच्या कितीतरी आधीपासून सोने आणि चांदी कुटणाऱ्यांना या धातूंचे नाते हाताने ठाऊक होते.

पुढे अणूचे अंतरंग उघडले तेही कुटलेल्या धातूनेच. मँचेस्टर येथे गायगर आणि मार्सडेन या शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये धातूच्या पातळ पापुद्र्यांवर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक कण आरपार गेले, पण फार थोडे मागे फिरले. सोन्याच्या सुमारे ०.००००४ सेंटिमीटर जाडीच्या पापुद्र्यावरील निरीक्षणांचा अर्थ लावताना रदरफोर्डने १९११ मध्ये अणूचा सगळा धन प्रभार एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेला असल्याचे सांगितले. हा पापुद्रा वर्खाच्याच जातीचा होता; धातू इतका पातळ होत नसता तर अल्फा कण त्यातून पार झालेच नसते. पुढच्या प्रयोगांत चांदीचाही उपयोग झाला आणि १९२० मध्ये चॅडविकने तिच्या केंद्रकाचा प्रभार मोजून ४६.३ हा आकडा मिळविला, जो ४७ च्या अगदी जवळचा होता.

लखनौच्या व्यवसायाला मात्र पुढे यंत्रांनी गाठले आणि कातड्याच्या जागी कृत्रिम पाने आली. २०१६ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनविताना प्राणिज साहित्य वापरण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. शाकाहारी ग्राहकाची हरकत न्याय्य होती, परंतु हाताने कुटणाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्नही तितकाच खरा होता.

दुसरे संकट भेसळीचे आहे. ॲल्युमिनिअम (१३) तेराव्या गणातले असले तरी त्याच्या अणूंची मांडणी चांदीसारखीच आहे, म्हणून तेही पातळ होते आणि स्वस्त असल्याने वर्खाच्या नावाने खपते. ओळख पटविणे अवघड नाही: मोठ्यांच्या देखरेखीखाली वर्ख ज्योतीवर धरला तर ॲल्युमिनिअमची करडी, काळपट राख होते, तर चांदी वितळून आक्रसते आणि पूर्वीच्याच वजनाची एक लखलखती गोळी मागे राहते.