निळे आणि हिरवे

खेळ पाहावयास म्हणून घरून निघालेला मनुष्य रक्त सांडून परत कां येतो, हा प्रश्न आपल्या पिढीस नवा वाटतो. ता. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बेंगॉल या संघांचा फुटबॉलचा सामना चालू असतां प्रेक्षकांत दंगल माजली आणि १६ जण प्राणांस मुकले. ता. २९ मे १९८५ रोजीं ब्रुसेल्स येथील हायझेल क्रीडांगणावर एका संघाचे चाहते दुसऱ्या संघाच्या चाहत्यांवर धांवून गेले, भिंत कोसळली, आणि ३९ माणसें मेलीं. असें कांहीं घडलें म्हणजे वडीलधारी माणसें म्हणतात, काळच बिघडला! इतिहासाचा अभ्यास करणारास मात्र काळावर खापर फोडून मोकळें होतां येत नाहीं. इ. स. ५९ सालीं पाँपेई येथें ग्लॅडिएटर झुंजारांचे सामने चालले असतां पाँपेईकर व शेजारच्या न्युसेरिया गांवचे लोक यांच्यांत प्रथम टोमणे, मग दगड आणि शेवटीं शस्त्रें चाललीं, असें टॅसिटस या रोमन इतिहासकारानें नमूद करून ठेवलें आहे. रोमच्या सेनेट सभेनें शिक्षा म्हणून पाँपेईस असले मेळावे १० वर्षें बंद ठेवले. तेव्हां रोग जुना आहे. आणि त्याचें निदान करावयाचें तर जुन्या रोग्याचीच नाडी पाहणें बरें. म्हणून आज मी आपणांस दीड हजार वर्षांपूर्वींच्या कॉन्स्टँटिनोपल नगरीची, म्हणजे हल्लींच्या इस्तंबूलची, एका आठवड्याची हकीकत सांगणार आहें.

मूळ प्रकार रोमचा. तेथें चार घोड्यांच्या रथांच्या शर्यती होत आणि त्या शर्यती चालविणाऱ्या चार संस्था असत. तांबडा, पांढरा, निळा व हिरवा हे त्यांचे रंग. सारथि आपल्या संस्थेच्या रंगाचा अंगरखा घाली, आणि पाहणारे लोकही त्या त्या रंगाचे म्हणून ओळखले जात. तांबड्यांचा फेलिक्स नांवाचा सारथि वारला तेव्हां त्याच्या एका चाहत्यानें चितेंत उडी घेतली, असें थोरल्या प्लिनीनें लिहिलें आहे. त्याच्या भाच्यानें, धाकट्या प्लिनीनें, या वेडाची मोठी मार्मिक परीक्षा केली. तो म्हणतो त्याचा आशय असा कीं, या लोकांना घोड्यांच्या वेगाची किंवा सारथ्याच्या कौशल्याची आवड असती तर कांहीं अर्थ होता. परंतु यांचें प्रेम कापडावर आहे. ऐन शर्यतींत सारथ्यांनीं अंगरखे बदलले, तर यांचा जयघोषही त्याच क्षणीं बदलेल!

प्लिनीचा हा टोला किती अचूक होता, याची साक्ष इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आजही उभी आहे. पोर्फिरियस नांवाचा एक विख्यात सारथि इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेला. त्याच्या पुतळ्यांच्या दगडी बैठका तेथें आहेत, आणि पुतळे उभारणाऱ्यांत निळेही आहेत व हिरवेही आहेत. पोर्फिरियस दोन्ही रंगांकडून धांवला, दोघांनींही त्यास डोक्यावर घेतलें. सारथ्यास रंग बदलण्याची मुभा होती. चाहत्यास ती नव्हती. खेळाडू येतात आणि जातात, चाहता मात्र रंगास जन्माचा बांधलेला राहतो, ही गोष्ट आपल्या परिचयाची नाहीं काय?

कॉन्स्टँटिनोपल येथें निळे आणि हिरवे हेच दोन पक्ष प्रबळ झाले. प्रोकोपियस या समकालीन इतिहासकारानें त्यांतील उनाड तरुणांचें जें वर्णन केलें आहे, तें वाचतांना आपल्या नाक्यावरचा एखादा टोळका डोळ्यांपुढें येतो. पुढचे केस कापलेले, मागचे लांब सोडलेले. दाढीमिशांना कात्री नाहीं. बाह्या मनगटाशीं आवळलेल्या आणि वर खांद्यापर्यंत फुगीर, अशा कीं, क्रीडांगणांत हात उंचावून आरोळी ठोकली म्हणजे पाहणारास हा मोठा धष्टपुष्ट गडी वाटावा! रात्रीं हेच लोक टोळ्या करून हिंडत आणि वाटसरूंना लुबाडीत. हीं माणसें रंगासाठीं आप्तेष्टांसही ओळखीत नाहींत, याचें त्या इतिहासकारास आश्चर्य वाटे आणि तो याला मनाचा रोगच म्हणतो.

पूर्वींचे पंडित सांगत कीं, निळे म्हणजे श्रीमंत व सनातनी, हिरवे म्हणजे व्यापारी व पाखंडी. भांडण धर्माचें व पैशाचें होतें, रंग हें केवळ निमित्त. सन १९७६ मध्यें ॲलन कॅमेरॉन या विद्वानानें सर्व पुरावा पुन्हां तपासून हें मत खोडून काढलें. दोन्ही रंगांत सर्व थरांचे व सर्व मतांचे लोक होते. मग वैर कशाचें? येथें मानसशास्त्र इतिहासाच्या मदतीस येतें. सन १९७० च्या सुमारास हेन्री ताज्फेल यांनीं ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर कांहीं प्रयोग केले. अमुक मुलें अमुक चित्रकाराचे चाहते, अशासारखें क्षुल्लक निमित्त सांगून त्यांचे दोन गट पाडले, आणि प्रत्येकास इतरांमध्यें थोडे पैसे वांटावयास सांगितले. गट नांवाचे, पूर्वींचें वैर कांहींच नाहीं, आणि वांटणारास स्वतःचा लाभही नाहीं. तरी मुलांनीं आपल्या गटास झुकतें माप दिलें; इतकेंच नव्हें, तर आपल्या गटास थोडें कमी मिळालें तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षां अधिक मिळावें, अशी त्यांची वृत्ति दिसून आली. "आम्ही" आणि "ते" एवढे दोन शब्द पडावयास मोठें कारण लागत नाहीं. रंगीत कापड पुरतें.

परंतु श्रोतेहो, भेदभाव म्हणजे रक्तपात नव्हें. आपल्या गटास दोन पैसे अधिक देणारा मुलगा आग लावीत नाहीं. वाळलेलें गवत सर्वत्र असतें. ठिणगी कोठें पडते, हें पाहावें लागतें. त्यासाठीं आतां त्या क्रीडांगणांत जाऊं.

कॉन्स्टँटिनोपलचें शर्यतींचें मैदान, हिप्पोड्रोम, हें राजवाड्यास लागून होतें. वाड्यांतून थेट सम्राटाच्या सज्जांत येण्यास मार्ग होता. त्या मोठ्या साम्राज्यांत सामान्य मनुष्यास मत नव्हतें, सभा नव्हती, दाद मागण्यास दुसरी जागा नव्हती. सम्राट प्रजेसमोर येई तो शर्यतीच्या दिवशीं, आणि प्रजा त्याच्याशीं बोले ती हजारों कंठांतून, निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या नांवानें. कराचें गाऱ्हाणें असो, अधिकाऱ्याची तक्रार असो, तें शर्यतीच्या आरोळीतच मिसळलेलें असे. आणि त्या सज्जांत बसणारा सम्राट जस्टिनियन हा स्वतः निळ्यांचा पक्षपाती! त्याची राणी थिओडोरा हिचा बाप हिरव्यांच्या पदरीं अस्वलें संभाळीत असे. तो मेल्यावर तिच्या आईनें तीन लहान मुलींना घेऊन भर मैदानांत हिरव्यांपुढें पदर पसरला; त्यांनीं तोंड फिरविलें, आणि निळ्यांनीं आसरा दिला. न्यायासनावर बसणारांसच जेथें रंग असतो, तेथें हरलेल्या बाजूस दगडावांचून दुसरी भाषा सुचत नाहीं, आणि जिंकलेल्या बाजूस शिक्षेचें भय राहत नाहीं.

इ. स. ५३२ च्या जानेवारींत एका दंग्यांतील खुनांबद्दल सात जणांस देहान्ताची शिक्षा झाली. फांसावर चढवितांना फांसाचें लांकूड मोडलें आणि दोघे जिवंत खालीं पडले. पुन्हां चढविलें, पुन्हां तसेंच झालें. त्यांतला एक निळा होता आणि एक हिरवा! जवळच्या मठांतील जोग्यांनीं त्यांस उचलून नावेनें एका चर्चच्या आश्रयास नेलें. नगराधिकाऱ्यानें भोंवतीं पहारा बसविला. मंगळवारीं, ता. १३ रोजीं शर्यती सुरू झाल्या. प्रत्येक शर्यतीगणिक दोन्ही बाजूंनीं दयेची याचना केली. सम्राटानें उत्तर दिलें नाहीं. बावीस शर्यती अशा गेल्या. मग अकस्मात् आजवर कधीं न ऐकलेली आरोळी उठली : दयाळू निळे व हिरवे चिरायु होवोत! सारथ्यांना चेव आणण्याचा "निका", म्हणजे "जिंक", हा शब्द बंडाचा संकेत झाला.

त्या संध्याकाळीं नगराधिकाऱ्याची कचेरी जळली व तुरुंग फुटला. दुसऱ्या दिवशीं जमावानें तीन अधिकाऱ्यांच्या बडतर्फीची मागणी केली : कर वसूल करणारा कॅपडोशियाचा जॉन, कायदेपंडित ट्रिबोनियन आणि नगराधिकारी युडेमन. शर्यतीच्या मैदानांत दबून राहिलेलें गाऱ्हाणें आतां उघड बोलूं लागलें. सम्राटानें तिघांनाही दूर केलें. पण वेळ टळून गेली होती. आग पसरत गेली. सेंट सोफियाचें जुनें मंदिर जळालें, सॅम्सनचें रुग्णालय आंतील रोग्यांसह जळालें. त्या बिचाऱ्यांस कोणता रंग होता? सुक्याबरोबर ओलेंही जळतें म्हणतात तें असें.

रविवारीं जस्टिनियन हातीं बायबल घेऊन सज्जांत आला आणि क्षमेची शपथ वाहूं लागला. अनेकांनीं त्याची हुर्यो केली. जमावानें पूर्वींच्या एका सम्राटाचा पुतण्या हिपेशियस यास धरून आणलें. त्याची पत्नी मेरी आक्रोश करीत त्यास अडवीत होती, हे मरणाकडे नेत आहेत असें ओरडत होती. तिच्या हातांतून त्यास ओढून काढून सोन्याचा कंठा मुकुट म्हणून डोकीवर ठेवला. वाड्यांत पलायनाची मसलत चालली असतां थिओडोरानें ती मोडून काढली. पळून जगण्यापेक्षां राणी म्हणून मरणें बरें, अशा आशयाचें ती बोलली, असें प्रोकोपियस सांगतो. मग नार्सेस नांवाच्या अधिकाऱ्यानें सोनें वांटून निळ्यांत फूट पाडली. बेलिसारियस व मंडस हे सेनापति दोन बाजूंनीं मैदानांत शिरले आणि कोंडलेल्या लोकांची कत्तल झाली. प्रोकोपियसच्या मतें ३०,००० हून अधिक माणसें पडलीं. निळे किती आणि हिरवे किती, हें कोणीं मोजलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं हिपेशियसला ठार करून प्रेत समुद्रांत टाकलें. मेरी खरें बोलली होती.

जळक्या राखेवर जस्टिनियननें नवें सेंट सोफिया बांधलें, ता. २७ डिसेंबर ५३७ रोजीं त्याचा प्रतिष्ठापनसमारंभ झाला, आणि ती वास्तु आजही जगाचें भूषण आहे. दूर केलेले जॉन व ट्रिबोनियन पुन्हां अधिकारावर आले. मैदान कांहीं वर्षें ओस राहिलें. मग शर्यती सुरू झाल्या, आणि थोड्याच काळांत निळ्याहिरव्यांचे दंगेही सुरू झाले. एवढ्या कत्तलीनेंही रोग गेला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या हकीकतींतून मला दिसतें तें असें. रंगाचा अभिमान मनुष्यास स्वभावतःच जडतो, आणि तो निरुपद्रवी असूं शकतो. ज्यास घरीं, धंद्यांत वा राज्यांत मान नाहीं, त्यास तो रंग मान देतो; म्हणूनच तो त्यास प्राणापलीकडे जपतो. पण राज्यकर्ता जेव्हां एका रंगाची पाठ राखतो, आणि गाऱ्हाणें सांगावयास मैदानाखेरीज जागा ठेवीत नाहीं, तेव्हां खेळाच्या आरोळीत खेळापलीकडचा संताप सांठत जातो. तो सांठलेला संताप कोणावर कोसळेल, याचा मग नेम नसतो. इ. स. ५०७ सालीं अँटिओक येथें पोर्फिरियसच्या विजयांनीं फुगलेल्या हिरव्यांच्या जमावानें जवळच्या डॅफ्ने गांवांतील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर हल्ला करून अनेकांस ठार केलें. ज्यूंनीं शर्यतींत त्यांचें काय घेतलें होतें?

आपल्या मुंबईनेंही हा विचार एकदां केला आहे. सन १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी क्रिकेटचे सामने येथें होत, आणि त्यांतील संघ धर्माच्या व जातीच्या नांवाचे : युरोपियन, पारशी, हिंदु, मुसलमान व इतर. खेळ उत्तम होता, लोक वेडे होते. पण सन १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनीं आपलें मत सांगितलें कीं, खेळाच्या मैदानांत असले जातीय संघ असूं नयेत; वाद माजला, आणि १९४६ सालीं ते सामने कायमचे थांबले. कापडाचा रंग रात्रीं उतरवून ठेवतां येतो. जन्माचा रंग उतरवितां येत नाहीं. आधींच पेटलेल्या देशांत तो रंग खेळास देऊं नये, हा निर्णय करणारांना कॉन्स्टँटिनोपलची आठवण होती कीं नाहीं कोण जाणे. निर्णय मात्र शहाणपणाचा होता.

इस्तंबूलला आज त्या मैदानाच्या जागीं मोकळा चौक आहे. थिओडोशियस बादशहानें इ. स. ३९० त उभारलेला ईजिप्शियन स्तंभ अद्याप तेथें आहे. त्याच्या बैठकीवर सज्जांत बसलेला सम्राट व खालीं दाटीवाटीनें बसलेले प्रेक्षक कोरलेले आहेत. त्या दगडी चेहऱ्यांवर रंग उरलेला नाहीं. त्यामुळें निळा कोण आणि हिरवा कोण, हें आतां कोणास सांगतां येणार नाहीं.